गोलकीपरच्या पायात चेंडू आला की संघाचा जीव टांगणीला का लागतो?

पेठेतला_प्रशिक्षक

नमस्कार. कोल्हापुरात आमच्या पेठेतील पंधरा वर्षांखालील मुलांचा सराव मी रोज संध्याकाळी घेतो. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेली ही मुले आहेत, त्यामुळे हौसेला तोटा नाही. अडचण आमच्या गोलकीपरची आहे. त्याचे हात उत्तम आहेत. उंच क्रॉस तो गर्दीतून अलगद काढतो आणि समोरासमोर आलेल्या फॉरवर्डच्या पायांवर झेप घ्यायला कचरत नाही. परंतु स्टॉपरने, म्हणजे गोलसमोर मध्यभागी खेळणाऱ्या बचावपटूने, चेंडू मागे दिला की हाच मुलगा निराळा दिसू लागतो. दोन्ही पाय जुळवून तो उभा राहतो, चेंडू आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहतो, तळव्याखाली दाबून थांबवतो आणि त्यानंतर मान वर करतो. तोवर फॉरवर्ड दोन पावलांवर येऊन ठेपलेला असतो. मग जो फटका बसतो तो थेट टचलाइनबाहेर.

दुसरी गोष्ट कदाचित याच्याशीच संबंधित असावी. गोलसमोर बाजूला सरकताना तो एक पाय दुसऱ्यावर टाकतो, त्यामुळे नेमक्या त्याच क्षणी फटका आला तर त्याला झेप घेता येत नाही, तो नुसता कलंडतो.

माझे प्रश्न दोन आहेत. पायांची ही हालचाल आणि चेंडूवरचा विश्वास कोणत्या सरावाने वाढतो? आणि ज्या मैदानावर चेंडू कधी गुडघ्याला तर कधी घोट्याला लागतो, तिथे गोलकीपरला पायाने खेळायला शिकवणे शहाणपणाचे आहे का?

रिटायर्ड_स्टॉपर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. मी बरीच वर्षे स्टॉपर म्हणून खेळलो आहे आणि माझ्या मागे उभा असलेला गोली चेंडू पायात घेऊन विचार करू लागला की मला घाम फुटत असे. १९९० च्या विश्वचषकात नेपल्सला कोलंबियाच्या हिगिता यांनी गोल सोडून इतक्या पुढे चेंडू खेळवायचा मोह केला की कॅमेरूनच्या रॉजर मिला यांनी तो त्यांच्या पायातून काढून घेतला आणि रिकाम्या गोलमध्ये ढकलला. जगातल्या सर्वांत धीट गोलकीपरची ही गत होत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाला त्या वाटेला कशाला लावायचे? लांब मारा, संघाला पुढे सरकू द्या, मग सुटून पडलेला चेंडू जिंका.

कूपरेजचा_कट्टा

स्टॉपरसाहेबांचे उदाहरण खरे आहे, पण ते ज्या नियमांच्या काळातले आहे ते नियम आता उरलेले नाहीत. १९९० च्या त्याच स्पर्धेत संघ आघाडी घेतल्यावर चेंडू मागे द्यायचे, गोलकीपर तो हातात उचलायचा, पुन्हा पायाशी सोडायचा आणि वेळ निघून जायचा. त्या कंटाळवाण्या खेळानंतर १९९२ मध्ये नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हाताळला तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते. त्यानंतर पायाने खेळणे हा गोलकीपरचा शौक राहिला नाही, ती त्याची नोकरी झाली. २०१९ पासून तर गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याचीही गरज उरली नाही. तो मारला जाऊन स्पष्टपणे हलला की खेळात आला. प्रतिस्पर्ध्यांना तोपर्यंत क्षेत्राबाहेर थांबावे लागते, म्हणजे आपल्या स्टॉपरला क्षेत्रातच मोकळा चेंडू घेण्याची संधी नियमानेच दिली आहे. ती वापरायची नाही असे ठरवणे हाही एक निर्णय आहे, परंतु तो जाणूनबुजून घेतलेला असावा.

एक दुरुस्तीवजा पुस्ती: ही कल्पना नियमाच्याही आधीची आहे. १९७४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सने यान योंगब्लुड यांना गोलमध्ये उभे केले ते प्रामुख्याने ते गोलरेषा सोडून पुढे येत आणि पायाने चेंडू खेळत म्हणून. त्यांच्या पाठीवरचा क्रमांक गोलकीपरचा नेहमीचा १ नव्हे, ८ होता.

सहज_फिरकलो

आमच्या शाळेच्या संघात ज्याला कुठेच खेळता येत नसे त्याला गोलमध्ये उभे करत. त्या न्यायाने पाठीवर ८ लिहिलेला मीही गोलकीपर होतो. योंगब्लुडशी माझे साम्य तेवढ्यावरच संपते.

म्हापशेकर

गोव्यात गोलकीपर म्हटले की पहिले नाव ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे निघते. त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे भात कापून झाले की त्याच शेतात गोलपोस्ट उभे राहतात, तेव्हा उसळीची तक्रार एकट्या कोल्हापूरकरांनी करू नये. धसकट चेंडूला कुठेही वळवते.

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले तेव्हा गोलकीपरपासून छोट्या पासने खेळ उभारण्याची पद्धत आम्ही रोजच्या रोज पाहू लागलो. सुरुवातीला फातोर्ड्याच्या स्टेडियममधील गॅलरीत आमचाही जीव वरखाली होत असे आणि गोल खाल्लेही गेले. पुढे तेच लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि २०२०-२१ च्या हंगामात त्या संघाने आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) साखळीत अव्वल संघाला मिळणारी लीग शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकले. गोलमध्ये अमरिंदर सिंग होते. अंतिम सामन्यात तर मुंबईने पहिला गोल खाल्ला तो स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापुढे चेंडू गमावून. तरीही त्यांनी आपली पद्धत गुंडाळून ठेवली नाही आणि सामना २-१ ने काढला. चूक झाल्यावर पुढचा चेंडू पुन्हा त्याच वाटेने न्यायचा की नाही हे गोलकीपर एकटा ठरवत नाही, संघ ठरवतो. तुमच्या मुलाचा विश्वास त्याच्या पायांत नसून त्याच्या पुढे उभ्या असलेल्या दहा जणांच्या चेहऱ्यांवर आहे.

रिटायर्ड_स्टॉपर

लोबेरा यांच्याकडे पगार घेणारे व्यावसायिक खेळाडू होते. पेठेतल्या संघात स्टॉपर संध्याकाळी शिकवणी बुडवून येतो.

गोलीची_आई

माझी मुलगी पुण्यात एका अकादमीत गोलकीपर आहे, तेरा वर्षांची. म्हापशेकर यांनी चेहऱ्यांविषयी लिहिले ते वाचून लिहावेसे वाटले. मागच्या हंगामात तिची नेमकी हीच अवस्था झाली होती. चेंडू मागे आला की कुंपणापाशी उभे असलेले आम्ही सगळे पालक एका सुरात "मार, मार" असे ओरडत असू, आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता असे मुलीचे म्हणणे आहे, जे मला मान्य नाही.

तिच्या प्रशिक्षक ताईंनी तिला काहीच सांगितले नाही. त्यांनी आम्हा पालकांना बोलावून सांगितले की सामन्यात गोलकीपरला सूचना देणार त्या एकट्या, बाकी कोणीही नाही. मग त्यांनी बचावातल्या मुलींना नियम घालून दिला: गोलकीपरचा पास चुकला, अगदी त्यावर गोल झाला तरीही, पुढच्या काही मिनिटांत सोपी संधी पाहून चेंडू पुन्हा तिच्याकडे द्यायचा. असे पहिल्यांदा घडले तेव्हा मी तिच्याकडे पाहत होते. गोल खाल्ल्यावर ती हातमोज्यांचे पट्टे उगाच उघडत-लावत होती. राइट बॅकने हळूच चेंडू मागे दिला. हिने तो एका टचमध्ये डावीकडे दिला आणि पट्ट्यांशी चाललेला खेळ थांबला. त्या पासमध्ये विशेष काही नव्हते, दहा मीटरसुद्धा नसतील.

माझा एक प्रश्न आहे. पावसाळ्यात चेंडू भिजून जड होतो, तेव्हा तिला लांब किक जमत नाही. तिने ताकद वाढवावी की तंत्रात काही चुकते आहे?

एक_नंबर_जर्सी

मी जिल्हा पातळीवर गोलमध्ये खेळलो आणि आता लहान गोलकीपरांना शिकवतो. धाग्यात मानसिकतेविषयी चांगले लिहून झाले आहे, म्हणून मी पायांपासून सुरुवात करतो. प्रशिक्षक महाशयांनी सांगितलेल्या दोन अडचणी दोन नाहीत, एकच आहे, असे माझे ठाम मत आहे. मुलाचे पाय चेंडूच्या आधी तयार होत नाहीत. फटका अडवताना ते गुंततात आणि बॅकपास घेताना खिळतात.

आधी अडवण्याकडे पाहू. गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते, पण चांगला गोलकीपर ती सगळी झेपेने भरून काढत नाही. बरीचशी तो पावलांनी भरतो आणि उरलेल्यासाठी झेपावतो. फटका बसण्याच्या क्षणी पाय जमिनीवर स्थिर हवेत, खांद्यांइतके फाकलेले, वजन चवड्यांवर आणि टाचा जेमतेम टेकलेल्या. कोल्हापूरकरांना हे समजावणे सोपे आहे: हौद्यात खडाखडी करणारा पैलवान टाचेवर वजन टाकून उभा राहिलेला कोणी पाहिला आहे का? बाजूला थोडेच सरकायचे असेल तर ज्या बाजूला जायचे तो पाय आधी टाकावा, दुसरा मागून यावा आणि दोन्ही पाय एकमेकांना कधीही लागू नयेत. अंतर मोठे असेल, म्हणजे चेंडू एका पोस्टकडून थेट दुसऱ्या पोस्टकडे फिरवला असेल, तर मात्र पायावरून पाय टाकून धावणेच योग्य आहे. तिथे सरकत बसलात तर उशीर होतो. म्हणजे पाय ओलांडणे मुळात चूक नाही, दोन-तीन पावलांच्या अंतरात ते करणे चूक आहे. डोक्यावरून चेंडू जात असेल तर उलटे पळू नये. चेंडू ज्या बाजूने जातो आहे त्या बाजूचा पाय मागे टाकून कंबर उघडावी आणि तिरके धावावे. उलटा पळणारा गोलकीपर टाचेवर येतो आणि टाचेवरून उडी निघत नाही.

मुलांकडून हे करून घेताना मी शंकूंचे मोठे जाळे मांडत नाही. एका पोस्टपासून गोलच्या मध्यापर्यंत सरकायचे, मी पाय मागे नेला की जिथे असाल तिथे थांबायचे, आणि मग फटका. सगळा भर त्या थांबण्यावर असतो. मुले थांबत नाहीत, कारण पोस्टपासून दूर असताना थांबणे त्यांना चुकीचे वाटते. परंतु योग्य जागेपासून एक पाऊल मागे स्थिर उभा असलेला गोलकीपर, योग्य जागी पण हलत असलेल्या गोलकीपरपेक्षा जास्त फटके अडवतो.

आता बॅकपास. चेंडू सहकाऱ्याच्या पायातून सुटण्याआधीच गोलकीपरने जागा सोडलेली हवी. त्याने दोन पोस्टच्या मधल्या पट्ट्यातून बाजूला यावे, पास देणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशा कोनात उभे राहावे आणि तोंडाने किंवा हाताने जागा दाखवावी. देणाऱ्यानेही चेंडू पोस्टच्या बाहेरच्या बाजूला द्यावा, म्हणजे तो निसटला तरी कॉर्नर जातो, गोल होत नाही. घेताना छाती पूर्ण चेंडूकडे न ठेवता अर्धी मैदानाकडे उघडी ठेवावी आणि चेंडू जवळचा पाय ओलांडून लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्यावा. तळव्याखाली दाबलेला चेंडू मेलेला असतो, कारण मारण्याआधी त्याला पुन्हा हलवावे लागते आणि त्यात एक टच वाया जातो. पहिला टच शरीरापासून साधारण हातभर पुढे आणि फॉरवर्डच्या उलट दिशेला गेला तर दुसरा टच हाच पास होतो.

आणि मान. प्रशिक्षकांनी लिहिले आहे की मुलगा चेंडू थांबवल्यावर मान वर करतो. मान दोनदा वर व्हायला हवी, दोन्ही वेळा चेंडू येण्याआधी: एकदा सहकारी पास द्यायला वळतो तेव्हा आणि एकदा चेंडू वाटेत असताना. फॉरवर्ड कुठून धावत येतो आहे एवढे कळले तरी निम्मे काम झाले, कारण मग मोकळी बाजू कोणती हे विचारावे लागत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाविषयी: तेराव्या वर्षी ताकदीच्या मागे लागू नका. तिच्या टेकलेल्या पायाकडे पाहा. तो चेंडूच्या फार मागे पडत असेल तर ती मागे झुकते आणि चेंडू उंच पण आखूड जातो. भिजलेल्या मैदानावर हातातला चेंडू टप्पा पडता पडता मारण्याऐवजी बाजूने व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच हवेत, मारायला शिकवा; चेंडू सपाट जातो आणि चिखलातल्या टप्प्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

पेठेतला_प्रशिक्षक

सर, मनापासून आभार. "पाय चेंडूच्या आधी तयार होत नाहीत" हे वाचून आज सरावात मुद्दाम पाहिले आणि ते तंतोतंत तसेच आहे. स्टॉपर चेंडू घेऊन वळतो तेव्हा आमचा गोली गोलरेषेवर, बरोबर मध्यभागी, हात गुडघ्यांवर ठेवून उभा असतो. त्याला कोणी त्या जागेवरून हलायला कधी सांगितलेलेच नाही, मीही नाही.

परंतु उसळीचा प्रश्न उरतोच. आमच्या सरावाच्या मैदानाचा एक गोल कडक मातीचा आहे आणि दुसऱ्या गोलसमोर पावसाळ्यानंतर बराच काळ खळगा असतो. तिथे पहिला टच लांबच्या पायाने घ्यायला गेलो तर चेंडू पायावरून उडून मागे जाईल.

फिजिओ_सातारा

विषयाला धरून दोन इशारे. या वयात मुलांची उंची झपाट्याने वाढते आणि टाचेच्या मागच्या भागाला किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्याला दुखू लागते. कडक मातीवर लागोपाठ लांब किक आणि उड्या मारून घेतल्या तर ते दुखणे चिघळते. "पायाचा सराव" या नावाखाली रोज ढीगभर गोल किक मारून घेऊ नका. ज्या पायावर मुलगा टेकतो त्याचीही तक्रार सुरू होते. दुसरे, कडक मातीवर लांब स्टड्स असलेले बूट घालू नयेत. लहान रबरी दाणे असलेला तळ घ्यावा, कारण वर सांगितलेले सरकणे आणि थांबणे लांब स्टड्सवर करताना घोटा वळण्याची भीती असते. पायांच्या चपळाईसाठी दोरीवरच्या उड्या पुरेशा आहेत, त्यांना पैसेही पडत नाहीत.

डॉर्टमुंडकर

जर्मनीत राहतो, मुलगा इथल्या वस्तीतल्या क्लबमध्ये खेळतो. इथल्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांसाठी छोट्या संघांचे नवे खेळप्रकार सक्तीचे केले. सर्वांत लहान मुले तिघे विरुद्ध तिघे अशी छोट्या गोलांवर खेळतात आणि त्यात गोलकीपर नसतोच. पुढच्या गटात गोलकीपर येतो तरी मुले आळीपाळीने गोलमध्ये उभी राहतात. परिणाम असा की जो मुलगा पुढे गोलकीपर होतो त्याच्या पायांनी आधी काही वर्षे चेंडू खेळवलेला असतो. जर्मनीचे गोलकीपर नॉयर यांनी २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन पुन्हा पुन्हा चेंडू काढले तेव्हा साऱ्या जगाने कौतुक केले, पण इथले शेजारी मला म्हणाले की त्या दिवशी बचाव फार पुढे उभा होता आणि गोलकीपरला दुसरा उपायच नव्हता. मला दोन्ही बाजू पटतात. तुम्ही तुमच्या गोलीला सरावातल्या छोट्या सामन्यांत अधूनमधून मिडफिल्डला खेळवून पाहावे, असे सुचवतो. फॉरवर्ड कसा दबाव टाकतो हे त्याला फॉरवर्डच्या नजरेतून कळेल.

सहज_फिरकलो

आमच्या इमारतीमागच्या टर्फवर नियमच आहे की गोल खाल्ला की गोली बदलायचा. त्यामुळे सगळेच मिडफिल्डला खेळतात आणि सगळेच गोलमध्ये. दर्जा दोन्हीकडे सारखाच वाईट आहे.

रिटायर्ड_स्टॉपर

एवढे विद्वत्तापूर्ण वाचल्यावर एक साधी आठवण करून देतो. प्रशिक्षक गार्डिओला यांनी मँचेस्टर सिटी या इंग्लिश क्लबमध्ये आल्या आल्या २०१६ मध्ये गोलकीपर जो हार्ट यांना बाजूला सारून क्लाउडिओ ब्राव्हो यांना आणले, पुढल्या वर्षी एडरसन आले, आणि पायाने खेळणारा गोलकीपर म्हणजे आधुनिक फुटबॉल असे सगळ्यांनी मान्य केले. त्याच सिटीने २०२५ मध्ये कोणाला आणले? डोनारुम्मा यांना, ज्यांची ख्याती हातांची आहे. शेवटी सामना फटका अडवल्याने वाचतो. म्हापशेकरांना हे सांगायला नको. २०२२ च्या आयएसएल अंतिम सामन्यात फातोर्ड्यालाच त्यांच्या गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी हैदराबादसाठी शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या, त्या हातांनी की पासने?

म्हापशेकर

कट्टीमणींचे नाव काढून तुम्ही माझे तोंड बंद केलेत, हे कबूल. पण पेनल्टी अडवतानाही उभा गोलकीपर आधी एक पाऊल टाकतो आणि मग झेपावतो. २०१९ पासून किक बसताना एक पाय गोलरेषेवर असावा लागतो, दुसरा पुढे टाकायला मोकळा असतो. त्या एका पावलाचे बळ टाचेतून येत नाही.

कूपरेजचा_कट्टा

स्टॉपरसाहेब, डोनारुम्मा यांचे उदाहरण आपल्या बाजूचे आहे असे मला वाटत नाही. ज्या संघाला ते येऊन मिळाले त्याचे दहा खेळाडू दबावाखाली चेंडू घेण्यात तरबेज आहेत. तिथे गोलकीपरचे पाय थोडे उणे असले तरी खपून जाते. पेठेतल्या संघात तसे नसते.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. २०२५-२६ पासून गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदे रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. पूर्वीचा सहा सेकंदांचा नियम पुस्तकात होता पण तो क्वचितच लागू होई, कारण गोलसमोर इनडायरेक्ट फ्री किक देण्याचे धाडस रेफरी करत नसत. आता शिक्षा सौम्य असल्यामुळे ती दिली जाते. म्हणजे चेंडू पकडून, जमिनीवर पडून, सावकाश उठून, सगळे पुढे गेल्यावर लांब मारायचा, हा विसावाही आखडला आहे. मुलांना झेल घेतल्या क्षणी पुढे धावत पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत यायची आणि बाजूच्या मोकळ्या फुलबॅककडे हाताने चेंडू घरंगळत सोडायची सवय लावा. हेही पायांचेच काम आहे.

गोलीची_आई

आठ सेकंदांचा नियम मुलीला सांगितला. ती म्हणाली, "आई, तू कुंपणापाशी मोजायचं नाहीस."

एक_नंबर_जर्सी

उसळीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊन चालणार नाही. खराब मैदानावर पायाने खेळणे म्हणजे प्रत्येक चेंडू थांबवून पास देणे नव्हे. चेंडू जमिनीलगत सरळ येत असेल तर दोन टच. तो उड्या मारत येत असेल तर गोलकीपरने थांबून वाट पाहू नये, पुढे चालून जावे आणि टप्पा पडून वर येतानाच पायाच्या आतल्या बाजूने थेट बाजूच्या रेषेकडे खेळावा. तिथे आपला फुलबॅक आधीच उभा असला पाहिजे. फॉरवर्ड अंगावर आला असेल आणि दोन्ही बाजू बंद असतील तर लांबच मारावा, आणि त्याला कोणी घाबरटपणा म्हणू नये. ठरवून मारलेला लांब चेंडू आणि घाबरून मारलेला लांब चेंडू यांत फरक एवढाच की पहिला मारण्याआधी मुलाने मान वर केलेली असते. तो आपल्या उंच सेंटर फॉरवर्डच्या बाजूला जातो, दुसरा कुठेही जातो.

खळग्याच्या गोलसमोर सराव करूच नका असेही मी म्हणणार नाही. कडक गोलसमोर तंत्र शिकवा आणि खळग्यासमोर निर्णय. माझ्याकडे चार बचावपटू बाहेरून वर्तुळात आणि दोन मुले आत दबाव टाकणारी, असा रोंडो, म्हणजे बाहेरच्यांनी आतल्यांना चुकवून पास देत राहण्याचा खेळ, असतो. गोलकीपर बाहेरच्यांपैकी एक असतो आणि त्याला चेंडू फक्त कमजोर पायाने खेळायचा असतो. पहिल्या आठवड्यात तो त्रासतो. मग मी एक मुलगा आतून काढून घेतो, कारण सतत हरणाऱ्या मुलाचा विश्वास वाढत नाही. थोडे जमू लागले की दुसरा पुन्हा आत पाठवतो. भिंतीशी चेंडू खेळवणे हा त्याचा घरचा अभ्यास. डावा पाय, उजवा पाय, दर वेळी चेंडू परत येण्याआधी मागे वळून खांद्यावरून एक नजर. भिंतीवर पाहण्यासारखे काही नसते, पण मानेला सवय लागते.

प्रेक्षकांचे काय, हे प्रशिक्षकांनी विचारले नाही तरी कोल्हापुरात ते विचारावेच लागते. गॅलरीतून "मार लांब" असा आवाज येणारच. गोलीच्या आईंच्या प्रशिक्षकांचा उपाय पालकांना लागू पडतो, पेठेतल्या गर्दीला नाही. तिथे कर्णधाराने सामन्याआधीच सर्वांसमोर सांगावे की पहिल्या पाच मिनिटांत चेंडू किमान एकदा गोलकीपरकडे जाणार आहे आणि तो कोण देणार आहे. दबाव नसताना, चेंडू विरोधी संघाच्या अर्ध्यात असताना तो द्यावा. गोलकीपरचा पहिला स्पर्श संकटातला नसावा, एवढीच त्यामागची इच्छा.

पेठेतला_प्रशिक्षक

आज छोट्या सामन्यात गोलीला मिडफिल्डला उभे केले. डॉर्टमुंडकर, तुमचे म्हणणे पटले. फॉरवर्ड एका बाजूने वाकडा धावत येतो ते दुसरी बाजू बंद करण्यासाठी, हे त्याला मी दहा वेळा सांगून कळले नव्हते आणि स्वतः धावल्यावर लगेच कळले. गोलमध्ये परतल्यावर बॅकपास आला तेव्हा तो पोस्टच्या बाहेर येऊन उभा होता. टच अजूनही तळव्याचाच, पण जागा बरोबर. दुसरा बॅकपास त्याने सरळ समोरच्या फॉरवर्डच्या पायात दिला आणि गोल झाला. मुले हसली, तोही हसला.

स्टॉपरसाहेब, हात आधी हे आपले म्हणणे मी सोडलेले नाही. सरावाचा पहिला अर्धा तास अजूनही झेल आणि झेपांचाच आहे. परंतु एक गोष्ट आता खटकते. गोलीने जागा बरोबर घेतली तरी माझे दोन्ही स्टॉपर चेंडू थेट गोलच्या मध्यभागी मागे मारतात, तोही जोरात. त्यांना कसे शिकवावे?

रिटायर्ड_स्टॉपर

हा प्रश्न माझ्या खात्यातला आहे, म्हणून उत्तर देतो. दोन्ही पोस्टपासून बाहेर चार-पाच पावलांवर एकेक शंकू ठेवा. स्टॉपरला पाठीशी फॉरवर्ड घेऊन वळायला लावा आणि चेंडू ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या शंकूकडे पास द्यायला लावा, गोलच्या चौकटीतून गेला तर तो गोल धरायचा आणि त्याच्याच नावावर लिहायचा. जोर इतकाच की चेंडू गोलकीपरपर्यंत पोहोचावा, पायावरून उडू नये. आणि पास दिल्यावर उभे राहून पाहायचे नाही. लगेच बाजूला सरकून गोलकीपरला परत पास देता येईल अशी जागा घ्यायची. माझ्या काळात मी चेंडू मागे दिला की देवाचे नाव घेत असे, ते या मुलांना चालणार नाही.

खळग्यासमोर मात्र बॅकपास देऊच नये. त्या बाजूला खेळताना स्टॉपरने चेंडू टचलाइनकडे काढावा. एवढे माझे ऐका.

एक_नंबर_जर्सी

खळग्याबाबत स्टॉपरसाहेबांशी सहमत. तो भरून घेता आला तर सर्वांत उत्तम. दोन पाट्या मुरूम आणि एक रोलर एवढ्याने बरेच काम होईल.